नवा राउटर आल्यावर जुन्या लॅपटॉपचं वायफाय बंद : दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा : दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, मूळचा विंडोज ७ चा, नंतर त्यावर विंडोज १० घातलेलं. जुन्या राउटरवर वायफाय नीट चालत होतं. राउटर बदलल्यापासून आजूबाजूची नेटवर्कं दिसतात, पण घरचं कधी दिसतं, कधी नाही. दिसलं तर 'या नेटवर्कला जोडता येत नाही' असं येतं आणि एखाद्या वेळी जोडलं गेलंच तर थोड्या वेळाने सुटतं. त्याच जागी मोबाइल मजेत चालतो. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) दोनदा काढून पुन्हा घातला, फरक नाही. कार्ड गेलं का?

कार्ड गेलेलं दिसत नाही. गेलेलं कार्ड एक तर डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली यंत्राच्या भागांची यादी) गायब होतं, नाही तर एकही नेटवर्क दाखवत नाही. शेजारच्यांची दाखवून घरचं तेवढं वगळत नाही. जुना राउटर असेपर्यंत सगळं चालत होतं, ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत कामाची ओळ. लॅपटॉपमध्ये काहीच बदललेलं नसेल तर आधी जे बदललं त्याच्याकडे, म्हणजे राउटरच्या सेटिंगकडे बघायचं. ड्रायव्हरला हात नंतर लावू.

आधी पाच मिनिटांची चाचणी

मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा. त्याच्या सेटिंगमध्ये बँड (वायफायच्या लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ (पासवर्ड तपासण्याची पद्धत, तिची नवी आवृत्ती डब्ल्यूपीए३) ठेवा. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा, नाही तर तोही ५ गिगाहर्ट्झवर जातो आणि चाचणी फसते. नाव आणि पासवर्ड साधा, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आता लॅपटॉप या हॉटस्पॉटला जोडून अर्धा तास वापरा.

टिकून चालला तर कार्ड आणि विंडोज बहुतेक संशयातून सुटले, आधी राउटरकडे बघायचं. इथेही तसाच सुटत असेल तर दोष लॅपटॉपमध्ये आहे आणि खालचा राउटरचा भाग तुम्ही सोडून देऊ शकता. ही चाचणी न करता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणं.

त्याच मोबाइलचा आणखी एक उपयोग. यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की वायफाय बंद असतानाही लॅपटॉपला नेट मिळतं. ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, हा तिढा त्याने सुटतो. विंडोज ७ पासून पुढे अँड्रॉइड फोनसाठी याला सहसा वेगळं काही घालावं लागत नाही.

राउटर : इथेच बहुधा सापडेल

लॅपटॉपचं कार्ड काय काय जाणतं ते आधी बघून घ्या. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा द्या. टाइप अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत, चार शब्दांमध्ये एकेक जागा सोडून. उत्तरात दोन ओळी शोधा. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत ८०२.११ च्या पुढे बी, जी, एन, ए, एसी यांपैकी अक्षरं असतील. फक्त बी, जी, एन असतील तर कार्ड २.४ गिगाहर्ट्झचंच आहे. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही, कितीही ड्रायव्हर बदला. ए किंवा एसी असेल तर दोन्ही बँड चालतात. त्याखाली सुरक्षेच्या प्रकारांची यादी असते. तिच्यात डब्ल्यूपीए३ नसेल तर ते कार्ड-ड्रायव्हरच्या जोडीला येत नाही. विंडोज १० मध्ये डब्ल्यूपीए३ ची सोय १९०३ या आवृत्तीपासून आहे, पण ड्रायव्हरलाही ते यावं लागतं, आणि जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्याच्या कितीतरी आधी लिहून संपलेले असतात.

आता राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, खात्रीचा हवा तर ज्यावर नेट चालू आहे त्या यंत्रात 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा दिसतो तोच. शक्यतो केबलने जोडून जा, म्हणजे सेटिंग बदलताना पायाखालचं वायफाय निघून जाणार नाही.

पहिली बघायची गोष्ट सुरक्षा. नवे राउटर बरेचदा डब्ल्यूपीए३ वर किंवा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांच्या मिश्रणावर येतात. मिश्रण नावाला जुन्या यंत्रांसाठीच असतं, पण काही जुने ड्रायव्हर राउटर स्वतःची ओळख म्हणून हवेत सोडतो त्या घोषणेतला अनोळखी भाग बघून गोंधळतात आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारतात. त्याच पानावर 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' किंवा नुसतं 'पीएमएफ' (जोडणी सांभाळणारे संदेश सुरक्षित ठेवण्याची सोय) असा पर्याय असतो. तो 'रिक्वायर्ड' असेल तर जुनं कार्ड आत येऊच शकत नाही. निदान करताना सुरक्षा सरळ 'डब्ल्यूपीए२ पर्सनल', सांकेतीकरण 'एईएस', पीएमएफ बंद, असं ठेवून बघा. चाललं तर पीएमएफ 'ऑप्शनल' करून पुन्हा बघा आणि जेवढं कडक ठेवता येईल तेवढं ठेवा.

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' या जुन्या, कमकुवत पद्धती निवडतात. ते करू नका. डब्ल्यूईपी २००१ मध्येच फोडता येतं हे सिद्ध झालं होतं. टीकेआयपीची दुसरी गोम अशी की ८०२.११ एनच्या नियमानुसार त्याच्यासोबत एनचे वेग वापरता येत नाहीत, त्यामुळे जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. 'वायफाय चालतं पण मेल्यासारखं' या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र घेणाऱ्या उपकरणांना मार्च २००६ पासून डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या वयाच्या लॅपटॉपला ते येतंच.

दुसरी गोष्ट बँडचं नाव. हल्ली राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतो आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतो. या सोयीला 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' म्हणतात. नव्या फोनला हे आवडतं. जुन्या कार्डाला राउटर एका बँडवरून हाकलतो, ते दुसऱ्यावर जात नाही आणि पुन्हा पहिल्यावरच दार ठोठावत बसतं. तुमचं 'कधी दिसतं, कधी नाही, मग सुटतं' हे वर्णन याच्याशी चांगलं जुळतं. ही सोय बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉप त्यालाच जोडा. ज्या राउटरमध्ये ती बंद करता येत नाही, त्यात 'गेस्ट नेटवर्क' फक्त २.४ वर सुरू करता येतं का बघा. तोही मार्ग चालतो, फक्त गेस्टमधून घरातला प्रिंटर दिसत नाही.

तिसरी चॅनेल, म्हणजे बँडमधले क्रमांक दिलेले छोटे कप्पे. २.४ च्या बँडमध्ये १२ आणि १३ ही चॅनेल बऱ्याच देशांत चालतात, पण अमेरिकेच्या नियमांवर बांधलेली कार्डं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटर 'ऑटो'वर असेल तर तो एखाद्या दिवशी १३ वर जातो आणि लॅपटॉपच्या यादीतून नेटवर्क नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी ६ वर आला की पुन्हा उगवतं. १, ६ किंवा ११ यांपैकी एक हाताने निवडा. ही तीनच का, तर चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २०, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न जाणारी एवढीच उरतात. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्यावर दाटीच्या वस्तीत वेग वाढण्याऐवजी घसरतो. ५ गिगाहर्ट्झ वापरायचाच असेल तर ३६, ४०, ४४ किंवा ४८ घ्या. ५२ ते १४४ या पट्ट्यात राउटरला रडारला वाट द्यावी लागते आणि जुनी कार्डं तिकडे बरेचदा फिरकतच नाहीत.

चौथी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते, पण नव्या राउटरच्या बाबतीत ती हमखास तपासावी. वायफाय ६ म्हणजे ८०२.११ एएक्स. काही जुने ड्रायव्हर, विशेषतः इंटेलच्या ७२६० आणि तिच्या भावंड कार्डांचे, एएक्स राउटरची घोषणा वाचताना अडखळतात आणि ते नेटवर्क यादीत दाखवतच नाहीत. बाकीची सगळी नेटवर्कं दिसतात, हेच एक नाही. इंटेलने यासाठी नंतर सुधारलेले ड्रायव्हर काढले, ते घातले की काम होतं. तुमच्या कार्डासाठी तसा ड्रायव्हर नसेल तर राउटरमध्ये फक्त २.४ बँडवरचं एएक्स बंद करून 'बी/जी/एन' ठेवा. ५ वरचं चालू राहू द्या, म्हणजे मोबाइलचं काही बिघडणार नाही.

एवढं झाल्यावर राउटर एकदा बंद-चालू करा आणि लॅपटॉपमध्ये जुनं नेटवर्क 'फर्गेट' करा. हे शेवटचं राहून जातं. विंडोज जुनी सुरक्षा आणि जुना पासवर्ड साठवून ठेवतं. नव्या राउटरला जुन्याचंच नाव दिलं असेल तर ते जुन्याच रीतीने आत शिरायला बघतं. पासवर्डमध्ये चिन्हं किंवा जागा असतील तर तात्पुरता साधा पासवर्ड ठेवून बघायलाही हरकत नाही. किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरं चालतात.

हॉटस्पॉटवरही तेच झालं तर

मग लॅपटॉप. तो पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. विंडोज ८ आणि १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर यंत्र खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि अडकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशीही तसंच अडकलेलं उठतं. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कडेला वायफाय चालू-बंद करायचं सरकतं बटण आहे का तेही बघा. सफाई करताना ते सरकतं, आणि विंडोजमधून काहीही केलं तरी त्या बटणापुढे चालत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडून वायरलेस कार्डावर दोनदा क्लिक केलं की स्थितीच्या चौकटीत कोड दिसतो. २२ म्हणजे कोणी तरी बंद केलंय, फक्त 'एनेबल' करा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. चुकीचा ड्रायव्हर किंवा सैल कार्ड. ४३ म्हणजे खुद्द कार्डाने हात वर केले. वरचा वीज काढण्याचा उपाय करूनही तो परत आला तर कार्ड बदलायची तयारी ठेवा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला पटत नाही. हा विंडोज ७ वर दिसतो, कारण नव्या ड्रायव्हरांची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि ती वाचायला ७ ला वेगळं अपडेट लागतं.

कार्डाचं नाव दिसत नसेल तर 'डिटेल्स' मधून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथल्या 'व्हीईएन' (VEN_) नंतरच्या चार अक्षरांवरून बनवणारा कळतो : ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०ईसी रिअलटेक. 'डीईव्ही' (DEV_) नंतरची चार अक्षरं मॉडेल सांगतात. ड्रायव्हर या आकड्यावरून शोधायचा, लॅपटॉपच्या नावावरून नाही, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळी कार्डं बसवलेली असतात. 'सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम टाळा. त्यांच्यासोबत जे आत येतं ते काढायला ड्रायव्हरपेक्षा जास्त वेळ जातो. विंडोज ३२ बिटचं आहे की ६४, तेही आधी बघा.

सर्वांत नवा ड्रायव्हर म्हणजे सर्वांत चांगला, हे जुन्या कार्डांना लागू नाही. विंडोज १० ने स्वतःहून घातलेला ड्रायव्हर कधी कधी जोडणी दर काही मिनिटांनी सोडतो आणि विंडोज ७ किंवा ८.१ च्या काळातला निर्मात्याचा ड्रायव्हर त्याच कार्डावर तासन्‌तास टिकतो. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कम्प्युटर', मग 'लेट मी पिक' असं गेलं की यंत्रात असलेल्या सगळ्या आवृत्त्यांची यादी येते. त्यातली तारखेने आधीची निवडून बघा. यंत्रात आहे तेच परत बसवायचं असल्याने यासाठी नेटही लागत नाही.

जोडणी सुटण्याचं आणखी एक साधं कारण वीजबचत. कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावरची 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची टिक काढा, आणि पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'वायरलेस अडॅप्टर' चार्जर आणि बॅटरी दोन्हींसाठी 'मॅक्झिमम परफॉर्मन्स'वर ठेवा. लॅपटॉपसोबत आलेला निर्मात्याचा वायफाय प्रोग्रॅम असेल तर तो काढून टाका. एका कार्डाचे दोन मालक झाले की एक जोडतो आणि दुसरा तोडतो. विंडोजची 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सेवा चालू असली की पुरे.

जोडलं गेलं, पण नेट नाही

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. राउटरमध्ये मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी) आहे का आणि पत्त्यांचा साठा संपलाय का, ते बघा. पत्ता दुसराच दिसत असेल तर लॅपटॉपवर जुना हाताने घातलेला पत्ता राहिलाय का बघा. नवा राउटर १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० वर असेल तर हाताने घातलेला जुना पत्ता हमखास घात करतो.

पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला (राउटरच्या पत्त्याला) पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते विचारा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिलं चालत नसेल तर दोष अजून वायफायचाच आहे. पहिली दोन चालून तिसरं अडलं तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय. पिंग सगळे चालतात आणि ब्राउझर मात्र रडतो, असं असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या यंत्रात मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं 'अजून लागू झालेली नाहीत' म्हणून नाकारली जातात. बॅटरी बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२. काही लॅपटॉपमध्ये ती वायर जोडलेली, प्लॅस्टिकच्या वेष्टनात असते. तारीख बरोबर असून फक्त काही ठरावीक वेबसाइट अडत असतील, आणि यंत्र अपडेट न केलेलं विंडोज ७ असेल, तर त्यातली मूळ प्रमाणपत्रं जुनी झाली असावीत. वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची बरीच प्रमाणपत्रं ज्यावर टेकलेली होती ते जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रं स्वतःची बाळगतो, म्हणून ब्राउझर बदलून बघितला की हा दोष चटकन वेगळा होतो.

जुना अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन काढल्यावर त्याचे अवशेष मागे राहतात. 'नेटएसएच विनसॉक रीसेट' आणि 'नेटएसएच इंट आयपी रीसेट', दोन्ही अ‍ॅडमिन म्हणून चालवून रीस्टार्ट करा. विंडोज १० मध्ये 'नेटवर्क रीसेट'चं बटण आहे, पण त्याने साठवलेले सगळे पासवर्ड जातात, म्हणून ते शेवटी.

झाकण उघडायची वेळ

राउटरजवळ चालतं आणि पलीकडच्या खोलीत गेलं की मरतं, असं फक्त लॅपटॉपचंच होत असेल तर अँटेना बघा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला; तो उणे ६७ पर्यंत असेल तर काम निर्धास्त चालतं, उणे ८० च्या आसपास जोडणी नावापुरती राहते. राउटरपासून दोन मीटरवर बसूनही आकडा उणे ७० च्या खाली जात असेल तर अँटेनाची तार निघालीय किंवा बिजागरीपाशी तुटलीय. बॅटरी काढून खालचं झाकण उघडा. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डावर दोन बारीक गोल जोड असतात. तार नखाने सरळ वर उचलायची, बसवताना बरोबर मधोमध धरून हलकेच दाबायची. हे जोड जेमतेम तीसेक वेळा काढ-घाल करण्यासाठी बनलेले असतात, म्हणून उगाच खेळू नका. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने पुसा, कण झटका, कार्ड पुन्हा बसवा. कोड १० कधी कधी एवढ्यानेच जातो.

दुसरं कार्ड आणून बसवायचा विचार असेल तर आधी एक खात्री करा. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा यंत्रातला प्रोग्रॅम) मान्य कार्डांची यादी असते, आणि अनोळखी कार्ड दिसलं की यंत्र सुरूच होत नाही. अशा यंत्राला यूएसबी अडॅप्टर बरा. अडॅप्टर घेताना डब्यावरचा मोठा वेग वाचू नका. तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का, दोन्ही बँड आहेत का आणि डब्ल्यूपीए३ येतं का, एवढं बघा. यूएसबी २.० ची मर्यादाच ४८० एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात हाती येतं ते त्याहून बरंच कमी. वीज न पुरवणाऱ्या हबमध्ये तो लावू नका. पोर्टमधून मिळणारे ५०० मिलिअँपियर वाटले गेले की अडॅप्टर मध्येच गळतो. शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क लावल्यावर २.४ चा सिग्नल कोसळतो, कारण तिच्या केबलमधून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. मीटरभराची एक्स्टेंशन केबल लावून अडॅप्टर तिथून लांब, टेबलावर आणला की फरक दिसतो. डेस्कटॉप असेल तर ही केबल हवीच, कारण मागच्या बाजूला पत्र्याचा डबा मध्ये येतो.

अपेक्षाही बेताची ठेवा. २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि एकच अँटेना असलेलं एन कार्ड ७२ एमबीपीएसवर जोडलेलं दाखवतं, तेव्हा फाइल उतरताना ४० ते ५० मिळाले तरी ते उत्तम चाललंय असं समजा. ५४ दाखवणारं जुनं जी कार्ड वीस-पंचवीसच देतं. लॅपटॉप टेबलावरून हलत नसेल आणि राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ नेटवर्क केबल लावून मोकळे व्हा.